शीर्षासन करणारा जगज्जेता

माझ्या खोलीत टेबलाच्या वरच्या भिंतीवर एक जुने, पिवळट पडलेले चित्र तीसेक वर्षांपासून टांगलेले आहे. एक धिप्पाड गोरा माणूस सायकल शर्यतीचे कपडे घालून डोक्यावर उभा आहे. पाय सरळ वर, चेहरा शांत. घरी येणारा नवा माणूस हमखास विचारतो, "सर, हे कोण योगी?" मी सांगतो, "योगी नव्हेत, हा रुडी आल्टिग. जर्मनीचा सायकलपटू. जगज्जेता."

माझे एक आतेभाऊ नोकरीनिमित्त काही वर्षे जर्मनीत होते. परत येताना त्यांनी क्रीडाविषयक जुन्या मासिकांचा एक गठ्ठा माझ्यासाठी आणला. भाषा कळत नव्हती, पण चित्रे कळत होती. त्यातले हे पान मी कापून काचेत बसवले. तेव्हा मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होतो. आठवी-नववीची पोरे शीर्षासन म्हटले की नाक मुरडायची. "सर, म्हाताऱ्यांचं काम हे," म्हणायची. मग मी हे चित्र वर्गात न्यायचो आणि सांगायचो, बघा रे, आपल्याकडची विद्या त्या माणसाने घेतली आणि जग जिंकले. पोरे गप्प व्हायची. निवृत्त होईपर्यंत हे माझे हुकमी पान होते.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या चार दिवस राहायला आला. बारावीला आहे, पण जीव सगळा सायकलच्या शर्यतीत. आपल्या भागात विजापूर, बागलकोट, जमखंडीकडच्या पोरांचा या खेळात दबदबा आहे. त्यांच्या मागे मागे धावत हाही घडतो आहे. लहानपणी त्याने माझ्याकडून आल्टिगची गोष्ट कितीदा तरी ऐकली होती. या वेळी चित्रासमोर उभा राहून तो म्हणाला, "काका, खरं हा माणूस गोळ्या खायचा की! तुम्ही ते कधी सांगितलं नाही."

मी एकदम उत्तर दिले नाही. त्याने विचारले ते खरेच होते आणि मी सांगितले नव्हते हेही खरे होते. त्या दोन-तीन रात्री आम्ही काका-पुतणे उशिरापर्यंत बोलत बसलो. त्याला मी जे सांगितले तेच इथे लिहितो आहे, थोडे जुळवून.

रुडी आल्टिगचा जन्म १८ मार्च १९३७ रोजी मानहाइम शहरात झाला. सायकलच्या इतिहासात या गावाला मोठा मान आहे. १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन चाकांच्या लाकडी गाडीवर बसून, पायांनी जमीन मागे ढकलत, याच गावातून पहिली फेरी मारली. पॅडल नाही, चेन नाही, पण दोन चाके एकामागे एक आणि माणूस मध्ये बसलेला. तिथून सायकलची सुरुवात धरतात. म्हणजे आल्टिग सायकलच्या माहेरघरचाच. महायुद्ध संपले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि बॉम्बवर्षावाने त्याच्या गावाची पार दैना झाली होती. थोरला भाऊ विली दोन वर्षांनी मोठा. दोघेही सायकलवेडे आणि दोघेही पुढे व्यावसायिक शर्यतपटू झाले. पण नाव झाले ते धाकट्याचे.

त्याची सुरुवात झाली ट्रॅकवर. ट्रॅक म्हणजे आपल्या मैदानावरची धावपट्टी नव्हे. लाकडी किंवा सिमेंटचा लंबगोल मार्ग, वळणावर भिंतीसारखा उभा होत गेलेला. त्यावरच्या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत. आमच्या पुतण्याच्या भाषेत, 'थांबायची सोयच नाही.' आल्टिगचा हातखंडा प्रकार म्हणजे परस्युट, म्हणजे पाठलाग. दोन स्वार मार्गाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना उभे राहतात, एकदम सुटतात आणि एकमेकांना गाठायला बघतात. गाठले तर शर्यत तिथेच संपते, नाही तर वेळेवर निकाल. हौशी खेळाडूंना तेव्हा ४ किलोमीटर असायचे, व्यावसायिकांना ५. समोरचा दिसतो, पण तो अर्ध्या फेरीवर पलीकडे. आपली दमछाक आपणच सोसायची. मनाने कच्चा माणूस यात टिकत नाही.

१९५९ साली ॲम्स्टरडॅमला तो हौशी गटात या प्रकाराचा जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी त्याने व्यावसायिक व्हायचे ठरवले. त्या काळी व्यावसायिक झालेल्याला ऑलिंपिकचे दार बंद असे, त्यामुळे रोम ऑलिंपिक हुकले. पण १९६० साली लाइपझिगला आणि १९६१ साली झुरिकला त्याने व्यावसायिकांचे जगज्जेतेपद पटकावले. ओळीने तीन वर्षे.

शीर्षासन आले ते याच काळात. मानहाइममधल्या त्याच्या प्रशिक्षकाला योगाचे वेड होते, त्याने ते या पोराला लावले. शर्यतीआधी, ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेत, हजारो लोकांसमोर आल्टिग डोक्यावर उभा राहायचा. लोकांना गंमत वाटायची, छायाचित्रकारांना तर पर्वणीच. त्या दशकात युरोपात योग म्हणजे नवलाईच होती. इथे एक बेळगावी फुशारकी मारल्याशिवाय राहवत नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, म्हणजे आल्टिग जन्मला त्याच वर्षी. त्यांना तिथे बोलावून घेण्यात ज्यांचा पुढाकार होता ते डॉ. गोखले आधी आपल्या बेळगावचे सिव्हिल सर्जन होते. आल्टिगचा आणि अय्यंगारांचा थेट संबंध काही नाही, पण ही विद्या कुठून कुठे गेली याचा विचार केला की मजा वाटते. असो.

शीर्षासनाने सायकल जोरात जाते का? शाळेत मी पोरांना तसे भासवले होते, आता कबूल करतो. मन थाऱ्यावर येते, श्वास खाली उतरतो, बाकीचे काम पायांनीच करायचे असते.

ट्रॅकवर त्याने आणखी एक विद्या कमावली आणि या गोष्टीत ती शीर्षासनापेक्षा महत्त्वाची आहे. हिवाळ्यात युरोपच्या मोठ्या शहरांत बंदिस्त सभागृहांत 'सिक्स डे' नावाच्या शर्यती होत. सहा दिवस, जोडीजोडीने. एक जण शर्यतीत पळतो तेव्हा दुसरा वरच्या बाजूने सावकाश फिरत दम खातो. पाळी बदलताना पळणारा जोडीदाराचा हात पकडतो आणि स्वतःचा सगळा वेग त्याला देऊन पुढे भिरकावतो. आपल्याकडे लगोरीत चेंडू फेकावा तसा आख्खा माणूस फेकायचा. तोही ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगात. आल्टिगने अशा वीसहून अधिक शर्यती जिंकल्या. प्रेक्षक सिगारेट ओढत, बिअर पीत बसलेले, बँड वाजतो आहे आणि हे गोल गोल फिरताहेत. या शर्यतींवर व्यावसायिकांचा हिवाळ्यातला चरितार्थ चाले. त्या हाताची ताकद पुढे एका ठिकाणी कामी आली.

१९६२ साली आल्टिग फ्रान्समधल्या सें-राफाएल संघात होता. ही एका पेयाची कंपनी, मद्याची. त्या वेळी अशाच कंपन्या संघ पोसत. संघाचा म्होरक्या होता जाक आंकेतिल. तेव्हापर्यंत दोनदा टूर द फ्रान्स जिंकलेला, घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यतीत ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता असा माणूस. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत संघ म्हणजे काय, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. आठ-दहा जण पळतात, पण एकासाठी. बाकीचे वारा अडवतात, पाणी आणतात, टायर गेला तर आपले चाक काढून देतात. आपल्याकडच्या वारीत दिंडीचा विणेकरी एकच असतो आणि बाकीचे त्याच्या मागे चालतात, तसेच काहीसे. फरक एवढाच की इथे विण्यावर प्रत्येकाचा डोळा असतो.

आल्टिगचाही होता. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत स्पेनची मोठी शर्यत झाली, वुएल्ता. आंकेतिल ती जिंकायला आला होता आणि आल्टिग त्याच्या मदतीला. पण आघाडी आल्टिगकडे आली आणि आंकेतिलचे हुकमी शस्त्र असलेल्या एकट्याच्या शर्यतीतही आल्टिगने त्याला थोडक्यात मागे टाकले. आंकेतिल आजारी पडला आणि शर्यत संपण्याआधी घरी निघून गेला. वुएल्ता जिंकणारा आल्टिग हा पहिला जर्मन. मदतनीस म्हणून आलेल्या माणसाने मालकाच्या देखत गादी घेतली, असा हा प्रकार. संघात धुसफूस झाली नसती तरच नवल.

आणि तरी जून-जुलैत दोघे टूर द फ्रान्समध्ये एकाच संघातून उतरले. नान्सीहून बेल्जियममधल्या स्पाला जाणारा पहिलाच टप्पा आल्टिगने जिंकून पिवळी जर्सी मिळवली. पुढे आणखी दोन टप्पे जिंकले आणि शेवटी गुणांच्या स्पर्धेची हिरवी जर्सी पटकावली. टूर जिंकली आंकेतिलने. युद्ध संपून सतराच वर्षे झाली होती. फ्रान्सच्या रस्त्यांवर एक जर्मन पोरगा पिवळी जर्सी घालून फ्रेंच म्होरक्यासाठी राबतो आहे आणि फ्रेंच लोक त्याला टाळ्या देताहेत, हे चित्र मला त्याच्या कितीतरी विजयांपेक्षा मोलाचे वाटते.

आता ती शर्यत. पुतण्याला मी ही गोष्ट लहानपणापासून सांगत आलो आणि या वेळीही त्याने मुद्दाम पुन्हा सांगायला लावली.

इटलीत बर्गामोच्या आसपास हंगामाच्या शेवटी 'ट्रोफेओ बाराक्की' नावाची शर्यत होत असे. दोघादोघांच्या जोड्या, घड्याळाविरुद्ध, शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. दोघांनी आळीपाळीने पुढे राहून वारा अडवायचा. वेळ जोडीची धरली जाते, त्यामुळे एक जण मागे पडून चालत नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात आंकेतिल आणि आल्टिग अशी जोडी निघाली. घड्याळाविरुद्धचा राजा आणि परस्युटचा जगज्जेता. लोकांनी निकाल आधीच ठरवून टाकला होता.

मागून येणाऱ्या मोटारीत रेने द लातूर नावाचे फ्रेंच पत्रकार होते. (आडनाव वाचून आपले लातूर आठवते, पण नाते काही नाही.) त्यांनी हे सगळे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळते. सुरुवातीला सगळे ठरल्याप्रमाणे चालले. मग आंकेतिलची पुढे राहण्याची पाळी आखूड होऊ लागली. आल्टिग पुढे, आल्टिगच पुढे. मग आंकेतिल त्याच्या मागच्या चाकालाही धरून राहीना. अंतर पडू लागले. आल्टिगने मागे वळून ओरडून पाहिले, वेग कमी करून पाहिला. घड्याळ तर थांबत नव्हते.

शेवटी त्याने एक हात हँडलवर ठेवला आणि दुसरा आंकेतिलच्या पाठीवर, आणि ढकलले. आंकेतिल पुढे गेला, पुन्हा मंदावला. आल्टिग पुन्हा शेजारी आला, पुन्हा ढकलले. कधी पाठीवर हात, कधी चड्डी धरून ओढणे. असे कितीतरी किलोमीटर. सायकल चालवलेल्या कुणालाही विचारा, चढावर नुसत्या लहान पोराला ढकलत नेताना काय होते ते. इथे तर हा जगातल्या सर्वांत वेगवान जोड्यांशी झुंजत होता. एकटा दोघांची शर्यत करत होता. आणि शेजारी, जगातला सर्वश्रेष्ठ समजला जाणारा स्वार, मान खाली घालून, डोळ्यांपुढे अंधारी आलेली, नुसता सायकलवर टिकून होता. नामुष्कीची जाणीव त्याला त्या घटकेला होती की नव्हती, कोण जाणे.

शेवट बर्गामोच्या स्टेडियममध्ये होता. आत शिरताना वळण होते. आल्टिग वळला. आंकेतिल वळलाच नाही. तो सरळ गेला, खांबावर आदळला आणि रक्तबंबाळ होऊन पडला. सुदैवाने त्या दिवशी वेळ स्टेडियमच्या दाराशीच मोजली जात होती, आतल्या फेरीनंतर नव्हे. ती नोंद आधीच झाली होती. काही सेकंदांनी जोडी जिंकली होती.

"ढकललेलं चालतं?" पुतण्याने विचारले. लहानपणी त्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. चालत असे, म्हणालो. जोडीदाराला हात देणे हे तेव्हा त्या शर्यतीत चालवून घेतले जाई.

"वुएल्तात ज्याला हरवलं, त्यालाच ढकललं?"

हो. त्यालाच.

ही गोष्ट सांगताना शाळेत मी इथेच थांबत असे. घंटा व्हायचीच. पण आल्टिगची कारकीर्द इथे संपत नाही, इथून ती फुलते. १९६४ साली बेल्जियममधली टूर ऑफ फ्लँडर्स ही दगडी फरशीच्या रस्त्यांची शर्यत त्याने शेवटचे साठेक किलोमीटर एकट्याने पुढे राहून जिंकली, तीही चार मिनिटांहून जास्त आघाडीने. त्यापूर्वी कुणा जर्मनाला ती जमली नव्हती आणि नंतरच्या जर्मन विजेत्याला २००४ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी टूर द फ्रान्स सीमा ओलांडून जर्मनीतल्या फ्रायबुर्गला आली तेव्हा आपल्या लोकांसमोर त्याच्या अंगावर पिवळी जर्सी चढली. टूरमध्ये एकूण ८ टप्पे आणि १८ दिवस पिवळी जर्सी, हा त्याचा हिशेब. टूर तो कधी जिंकला नाही. अंगाने भरलेला, ताकदीचा गडी, उंच डोंगरात हलक्या चणीचे लोक त्याला मागे टाकायचे.

१९६५ साली पडून त्याच्या खुब्याचे हाड मोडले. संपला, असे लोक म्हणू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात स्पेनमध्ये सान सेबास्तियानला रस्त्यावरची जागतिक स्पर्धा झाली आणि हा दुसरा आला. पहिला आला इंग्लंडचा टॉम सिम्प्सन. हे नाव लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षी, २८ ऑगस्ट १९६६ रोजी, जागतिक स्पर्धा जर्मनीतच होती. जागा न्यूरबुर्गरिंग, मोटारींच्या शर्यतीचा तो जगप्रसिद्ध डोंगराळ मार्ग. अंतर २७३ किलोमीटर. शेवटी आघाडीवर आंकेतिल होता आणि त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी पुलिदोर. दोघेही फ्रेंच, एकाच देशाच्या जर्सीत, आणि दोघांनाही दुसरा जिंकलेला चालणार नव्हता असे सांगतात. आल्टिग मागून येऊन त्यांना मिळाला आणि शेवटच्या धावेत दोघांच्याही पुढे निघून गेला. पहिला आल्टिग, दुसरा आंकेतिल, तिसरा पुलिदोर. ट्रॅकवर आणि रस्त्यावर, दोन्हीकडे जगज्जेता. त्यानंतर २०२४ पर्यंत एकाही जर्मन पुरुषाला ही मुख्य शर्यत जिंकता आलेली नाही.

त्याच संध्याकाळची दुसरी बाजू अशी. शर्यत संपल्यावर पहिल्या क्रमांकांत आलेल्यांना उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीसाठी बोलावले गेले. आल्टिगसकट बऱ्याच जणांनी नमुना द्यायला नकार दिला. गडबड झाली, बाद ठरवण्याची भाषा झाली आणि शेवटी निकाल होता तसाच राहिला.

त्याआधी दोनच महिने, जूनमध्ये, टूर द फ्रान्समध्ये पहिल्यांदा चाचणीसाठी अधिकारी बोर्डोच्या हॉटेलांत आले होते. दुसऱ्या दिवशी सगळे शर्यतपटू सायकलवरून उतरून चालू लागले. चालत चालतच निषेध. त्या दिवशीही पिवळी जर्सी आल्टिगच्याच अंगावर होती. त्यांचे म्हणणे असे की आम्ही पोटासाठी पळतो, वर्षाचे दीड-दोनशे दिवस पळतो, आमच्या शरीराचे आम्ही बघून घेऊ. अँफेटामिनच्या गोळ्या तेव्हा या व्यवसायात उघड गुपित होत्या. या गोळ्या ताकद देत नाहीत. थकवा झाकतात. शरीर 'पुरे' म्हणत असते, ते ऐकू येईनासे होते. जर्मन वर्तमानपत्रांनी आल्टिगला नावच ठेवले होते, 'सायकलवरचे औषधाचे दुकान'. तेच डोके, जे सकाळी जमिनीवर टेकवून तो शांत उभा राहायचा.

वर्षभराने, १३ जुलै १९६७ रोजी, टॉम सिम्प्सन मों व्हांतूच्या उघड्याबोडक्या चढावर, भर उन्हात, सायकलवरून कोसळला आणि मेला. अँफेटामिन त्याच्या रक्तात सापडले, खिशातही. वय एकोणतीस. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या मागच्या चाकाशी आल्टिग दुसरा आला होता, तोच हा.

मला वाटायचे, यानंतर तरी आल्टिग बदलला असेल. १९६८ साली त्याने मिलान-सान रेमो जिंकली, तीही मोठीच शर्यत. १९६९ साली टूरच्या सुरुवातीला रूबेच्या छोट्या धावेत त्याने तरुण एडी मर्क्सला सात सेकंदांनी हरवले. मर्क्सची ती पहिलीच टूर आणि ती त्याने पुढे जिंकली. वय बत्तीस, आणि अजून जगातल्या सर्वांत मोठ्या माणसाला मागे टाकतो आहे! पण त्याच टूरमध्ये त्याची चाचणी दोषी निघाली आणि पंधरा मिनिटांची शिक्षा झाली.

"म्हणजे सिम्प्सन गेल्यावरसुद्धा?" पुतण्या म्हणाला.

सिम्प्सन गेल्यावरसुद्धा.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग ते बर्गामोचं ढकलणं? ते पण गोळीनंच?"

मी शिक्षक माणूस, पोरांना उत्तर देण्याची सवय लागलेली. त्या दिवशी गोळी असेल, नसेलही. त्या काळच्या कुणाच्याही विजयाबद्दल छातीठोक बोलता येत नाही, आंकेतिलच्याही नाही. आंकेतिल तर स्वतः उघडपणे म्हणत असे की नुसत्या पाण्यावर टूर होत नाही. पण गोळी थकवा झाकते, तेवढेच तिचे काम. थकवा झाकलेल्या माणसाने एकट्याने पुढे निघून जायचे की मागे वळून हात द्यायचा, हे गोळी ठरवत नाही. एवढे मी त्याला सांगितले. त्याला ते पूर्ण पटले असे दिसले नाही. मलाही पूर्ण पटलेले आहे असे नाही.

मग तो उठला, आपल्या बॅगेच्या कप्प्यातून एक गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. एका शर्यतीच्या वेळी कुणीतरी दिली होती, 'ताकदीची आहे, सगळे घेतात' म्हणून. दहातल्या आठ शिल्लक होत्या. दोन कुठे गेल्या हे मी विचारले नाही आणि तोही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना पट्टी दाखवली. त्यांनी नाव वाचले, चष्मा काढला आणि "किती वयाचा आहे मुलगा?" एवढेच विचारले. छातीची तपासणी करून घ्या म्हणाले. केली. देवाच्या कृपेने काही निघाले नाही.

मला राहून राहून वाटते, आल्टिगची अर्धीच गोष्ट सांगून मी काय कमावले? शीर्षासन सांगितले, जगज्जेतेपद सांगितले, ढकलणे सांगितले. बाकीचे पोरांनी ऐकू नये म्हणून ठेवून दिले. त्यांना ते कधी ना कधी कळणारच होते, आणि कळले तेव्हा मी खोटा ठरलो. उरलेली अर्धी मीच आधी सांगितली असती, तर कदाचित ती पट्टी बॅगेत जायच्या आधीच माझ्याकडे आली असती.

आल्टिग १९७१ साली निवृत्त झाला. नंतर काही वर्षे जर्मन सायकलपटूंचा राष्ट्रीय प्रशिक्षक होता, दूरचित्रवाणीवर समालोचनही करत असे. ११ जून २०१६ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, ऱ्हाइन नदीकाठच्या रेमागेनला त्याचे निधन झाले. मानहाइममधल्या त्या पहिल्या सायकलफेरीला दुसऱ्या दिवशी १९९ वर्षे होत होती.

चित्र मी भिंतीवरून काढलेले नाही. पुतण्याच म्हणाला, राहू दे. आठ गोळ्यांची ती पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याने ती परत मागितली नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी त्याची शर्यत होती. चढावर बागलकोटची पोरे निघून गेली आणि हा अकरावा आला. संध्याकाळी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "आल्या आल्या दोन ताटं आमटी-भात जेवला आणि झोपलाय. उठवू काय?"

मी म्हटले, नको, झोपू दे.